एका तिकिटात दोन समुद्र

मुलांनो, आधी एक कोडं घालते. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात फार फार पूर्वी एक पाहुणा आला. आला तो थेट आकाशातून! त्याच्याकडं ना तिकीट होतं, ना सामान. बसला तासभर लागतो तेवढं अंतर तो काही सेकंदांत कापत होता. आणि उतरला असा दणक्यात, की जमिनीला जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. पाहुणा कोण? ओळखा पाहू!

बरोब्बर! लोणारची उल्का. सगळ्यांत लांबचं उड्डाण करून आमच्या जिल्ह्यात कुणी आलं असेल तर ते तिनंच. पण तिची खूण पाहायला विमान लागत नाही, बरं का. आपली एसटी पुरते.

विमानाचं म्हणाल, तर मी दरवर्षी वर्गात विचारते, "विमानात कोण कोण बसलंय?" एकही हात वर होत नाही. रेल्वेचं विचारलं की सहा-सात हात वर होतात. एसटी म्हटलं की सगळे! बुलडाणा गावाला रेल्वे नाही आणि नेहमीच्या विमानासाठी छत्रपती संभाजीनगर नाही तर जळगाव गाठावं लागतं. पण म्हणून आम्ही लांब जायचंच नाही की काय? थोड्या पैशांत लांब कसं जायचं आणि गाडी चालू असताना तासन् तास करायचं काय, हेच आज तुम्हांला सांगायचं आहे. करायचं काय म्हणजे? झोपायचं! असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना झोपू द्या. खिडकीजवळची जागा तेवढी त्यांच्याकडून मागून घ्या.

आमची शाळा जिल्हा परिषदेची. संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. आमच्याकडं जिल्ह्याचे दोन भाग मानतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर हे घाटाखाली. घाटाखालच्या लोकांना घाटावर जायचं म्हणजे परगावी गेल्यासारखं वाटतं. आमच्या शाळेतल्या मोठ्या वर्गांची मुलं अठरा. त्यांतल्या बऱ्याच जणांनी लोणार पाहिलं होतं ते भूगोलाच्या पुस्तकात. आपल्याच जिल्ह्यातलं जगप्रसिद्ध ठिकाण, आणि ते बघायला पुस्तक उघडायचं!

तेव्हा सहल काढायची ठरली. आता सहलीचं गणित पाहा. ते वरवर सोपं दिसतं, पण आत एक मेख आहे.

शाळेच्या सहलीला एसटी महामंडळ निम्म्या भाड्यात गाडी देतं. गाडीचं भाडं ठरतं ते किलोमीटरवर, आत किती मुलं बसली यावर नव्हे. समजा, सवलत वजा जाता गाडीचे दहा हजार रुपये झाले. चाळीस मुलं गेली तर प्रत्येकी २५० रुपये. त्यातली पंधरा घरी राहिली तर उरलेल्या पंचविसांना पडले ४००. चारशे ऐकल्यावर आणखी पाच जण नाही म्हणणार. मग वीस जणांना ५००! म्हणजे पाहा, गाडी तीच, रस्ता तोच, डिझेल तेवढंच. गरिबाघरचं एक मूल गळलं की सहल दुसऱ्यासाठी महाग होते, आणि महाग झाली की तिसरंही गळतं. सहलीला कोण येणार हे विचारण्याआधी सगळे कसे येतील हे ठरवायला लागतं ते यासाठी.

एका मुलीची आई शाळेत आली होती. म्हणाली, "पैसे देनं नाई असं नाई, मॅडम. पन एकदम अडीचशे कुठून आनू? कापूस अजून घरातच हाये." तिचं म्हणणं अगदी खरं होतं. सहली निघतात हिवाळ्यात. त्या वेळी कापूस वेचून घरात पडलेला असतो आणि भावाची वाट पाहणं चालू असतं. अडचण अडीचशेची नव्हती, 'एकदम'ची होती.

मग आम्ही एक पत्र्याचा डबा आणला. जुलैच्या पहिल्या शनिवारपासून दर शनिवारी ज्यानं त्यानं दहा रुपये टाकायचे. पंचवीस शनिवार झाले की अडीचशे! कुणी एखाद्या शनिवारी पाचच आणायचं, कुणी दोन शनिवार काहीच नाही, आणि पोळ्याला मामानं दिलेले वीस एकदम. वहीत नोंद ठेवायचं काम मोठ्या मुलांकडं. (बेरजा पक्क्या झाल्या, हा वरचा फायदा!) नियम एकच होता. कुणाचे किती जमले हे वर्गात मोठ्यानं वाचायचं नाही. गाडी भरायला अठरा मुलं पुरत नाहीत, म्हणून शेजारच्या गावच्या शाळेला बरोबर घेतलं. त्यांची बावीस. झाली की नाही चाळीस?

पालकांनो, तुमच्यासाठीही चार ओळी. शाळेची गाडी सोडून घरच्यांबरोबर निघालात तरी एसटी परवडते. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना ऑगस्ट २०२२ पासून काहीच नाही! 'आवडेल तेथे प्रवास' नावाचा पास मिळतो, चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा. एकदा काढला की तेवढे दिवस राज्यभर कुठंही फिरा. मुलांचा पास मोठ्यांच्या निम्म्या किमतीत. दिवाळीच्या सुटीत चार दिवसांत लोणार, सिंदखेड राजा, अजिंठा आणि वेरूळ सहज होतं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना अजिंठा-वेरूळला पुरातत्त्व खात्याचं प्रवेश तिकीट लागत नाही. फक्त वार बघून निघा. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी.

असो. निघू या. पहाटेचे पाच. कानटोप्या, स्वेटर, आईच्या लुगड्यात बांधलेली शिदोरी. ज्वारीची भाकर, आलूची भाजी, शेंगदाण्याची चटणी. ज्याला गाडी लागते त्यानं पुढं बसायचं, लांबच्या झाडांकडं बघायचं, मान खाली घालून वाचत बसायचं नाही आणि पोटाला तड लागेपर्यंत खायचं नाही. लिंबू खिशात ठेवावं. निम्म्यांना गाडी लागते ती नुसत्या भीतीनं, असं माझं मत आहे. शेजारच्याला लागली की आपल्याला लागते!

आता वही काढा. पहिलं काम, किलोमीटरचे दगड. त्यांचे माथे बघा. पिवळा माथा असेल तर राष्ट्रीय महामार्ग. हिरवा असेल तर राज्य महामार्ग. नारंगी असेल तर खेड्यापाड्यांचा रस्ता. दोन दगडांमधला वेळ घड्याळात मोजा. ३६०० ला त्या सेकंदांनी भागा. आला ताशी वेग! बहात्तर सेकंद लागले तर गाडी ताशी ५० किलोमीटरनं चालली आहे. आमच्यातल्या एकानं हिशोब करून ड्रायव्हरकाकांना वेग सांगितला. काकांनी समोरच्या काट्याकडं पाहिलं नि हसून म्हणाले, "दोनचा फरक हाय फक्त." मग काय, सगळ्या गाडीत भागाकार सुरू!

उजाडलं तसं दोन्ही बाजूंना काळी जमीन दिसू लागली. हे पूर्णा नदीचं खोरं. इथल्या पुष्कळ गावांच्या भूगर्भातलं पाणी खारं आहे. या पट्ट्याला खारपाण पट्टाच म्हणतात. हे लक्षात ठेवा हं, पुढं लोणारला कामाला येणार आहे. पुढं खामगाव. कापसाची मोठी जुनी बाजारपेठ. इतकी मोठी, की इंग्रजांनी १८७० साली मुख्य मार्गावरच्या जलंबपासून खामगावपर्यंत खास आगगाडीचा फाटा टाकला. तेरा-चौदा किलोमीटरची ही चिमुकली लाईन अजून आहे.

खामगाव मागं टाकून मेहकरच्या वाटेला लागलात की रस्ता चढू लागतो. कान नीट उघडे ठेवा, गाडीचा आवाज बदलतो. आता मी सांगते ती गोष्ट ऐका. इथपर्यंत जे जे ओढे-नाले तुम्ही ओलांडलेत त्यांचं पाणी उत्तरेला उतरून पूर्णेला मिळतं. पूर्णा तापीला मिळते. तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला. पण चढ संपून मेहकरच्या अलीकडं कुठंतरी आपण एक न दिसणारी रेघ ओलांडतो. तिच्या पलीकडं पडलेला पाऊस पैनगंगेत जातो. पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेच्या रूपानं गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला! म्हणजे दोन शेजारी शेतं, मध्ये एक बांध. ढग एकच. पण एका शेतातलं पाणी गुजरातेत जातं आणि दुसऱ्यातलं आंध्रात. ही रेघ रस्त्यावर कुणी आखून ठेवलेली नाही. नाले कुठल्या बाजूला वाहतात हे खिडकीतून बघत बघत आपणच शोधायची. आमच्या गाडीत यावरून चांगलीच भांडणं झाली. डाव्या खिडकीवाले म्हणाले आत्ताच ओलांडली, उजव्या खिडकीवाले म्हणाले अजून नाही. अशी भांडणं मला आवडतात.

तुम्ही खामगावहून बोथ्याच्या घाटानं बुलडाण्याला जाणार असाल, तर मात्र ज्ञानगंगा अभयारण्य लागेल. तिथं २०१९ च्या डिसेंबरात एक प्रवासी पोचला. चालत! तो होता यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा तरुण वाघ. त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा होता, म्हणून त्याची वाट कळली. जूनमध्ये तो घरातून निघाला. महाराष्ट्रातून तेलंगणात गेला, परत आला. शेतं, रस्ते, नाले ओलांडत पाच महिन्यांहून अधिक काळ चालला आणि सुमारे १,३०० किलोमीटर अंतर कापून आमच्या ज्ञानगंगेत आला. नंतरचं भटकणं धरलं तर एकूण ३,००० किलोमीटर! कागदोपत्री त्याचं नाव 'सी-१', पण लोक त्याला 'वॉकर' म्हणू लागले. शास्त्रज्ञांना वाटतं की तो नवी जागा, शिकार आणि जोडीदारीण शोधत होता. दिवसा झुडपात दडून राहायचं आणि रात्री चालायचं अशी त्याची रीत. थोड्या खर्चात लांबचा प्रवास म्हणजे हाच!

तर मेहकर. पैनगंगेच्या काठी शारंगधर बालाजीचं दर्शन घ्या, मूर्ती एकाच काळ्या पाषाणातली आणि भली उंच आहे. पुढं समृद्धी महामार्गाचा पूल दिसतो. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा हा रस्ता आमच्या जिल्ह्यातून जातो, आणि जून २०२५ पासून तो पूर्ण खुला झाला आहे. गाड्या सुसाट जातात. पण त्या रस्त्यावरून दगड मोजायला नि नाले बघायला काही जमत नाही, म्हणून मला आपला जुनाच रस्ता बरा वाटतो.

आणि लोणार! गाडीतून उतरलं की आधी काहीच दिसत नाही. थोडं चालत कडेला या आणि... पोरांची बडबड एकदम बंद! खाली दीडशे मीटरच्या आसपास खोल गोल द्रोण. उतारावर झाडी. तळाशी हिरवट पाणी. कडेची देवळं खेळण्यातल्यासारखी दिसतात. पुराणकथेत हे लवणासुराचं घर. विष्णूनं दैत्यसूदन होऊन त्याला मारलं. गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर आवर्जून बघा, बाहेरच्या भिंतींवर इतकं कोरीव काम आहे की मान दुखते.

सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२३ साली या सरोवराची नोंद केली. पुढं कितीतरी वर्षं लोकांना वाटायचं, हे ज्वालामुखीचं तोंड असेल. वाटणारच! सगळा दख्खन लाव्हाच्या खडकाचा. पण १९७० च्या दशकात शास्त्रज्ञांनी इथं खोल भोकं पाडून खडक वर काढले. त्यांत त्यांना अशी काच सापडली, जी फक्त प्रचंड आघाताच्या दाबानंच बनते. ज्वालामुखीला ते साधत नाही. मग नक्की झालं, हा घाव आकाशातून आला. केव्हा आला? आधी अंदाज होता सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी. नंतरच्या एका मोजणीत वय निघालं साडेपाच लाख वर्षांहून जास्त. भांडण अजून मिटलेलं नाही. तुमच्यातलं कुणी शास्त्रज्ञ झालं तर मिटवा! चंद्रावरचा पुष्कळसा खडक असाच बेसाल्ट आहे, त्यामुळं चंद्रावरचे खड्डे समजून घ्यायला जगभरचे अभ्यासक लोणारला येतात. चंद्र बघायला त्यांना एवढंसं लोणार पुरतं.

आम्ही वनरक्षकांना विचारून खाली उतरलो. पाण्यात पाय घालायचा नाही, दगड उचलायचे नाहीत, पिशव्या टाकायच्या नाहीत. हे २००० सालापासून अभयारण्य आहे, आणि २०२० मध्ये त्याला रामसर स्थळ म्हणून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत मान मिळाला. हिवाळ्यात चक्रवाक बदकं हिमालयापलीकडून उडत येतात. नारिंगी अंगाची, जोडीजोडीनं बसलेली. विमानाचं तिकीट त्यांनाही लागत नाही!

एका मुलीनं बोट बुडवून जिभेला लावलं. (मी बघायच्या आत!) आणि ओरडली, "मॅडम, हे त आमच्या हिरीचंच पानी होय!" सगळे हसले. मी मात्र हसले नाही, कारण मला अगदी हेच हवं होतं. खारपाण पट्ट्यातलं लेकरू ते, खारं पाणी त्याला नवीन नाही. आम्ही घरून हळदीचे कागद नेले होते. तुम्हीही करा. हळद पाण्यात कालवून साध्या कागदाला लावायची, सावलीत वाळवायची. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे तुम्ही धुण्याच्या दगडावर पाहिलंच असेल. साबण अल्कधर्मी असतो ना, म्हणून. कागदावर सरोवराच्या पाण्याचा थेंब टाकला. लालभडक! मग बाटलीतून नेलेलं विहिरीचं पाणी दुसऱ्या कागदावर टाकलं. कागद पिवळाच. चव दोन्हींची खारट, पण लोणारचं पाणी खारंही आहे आणि भलतंच अल्कधर्मीही. जून २०२० मध्ये तर ते गुलाबी झालं होतं! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं, तेव्हा मिठात वाढणारे सूक्ष्मजीव त्याला कारण असल्याचं दिसलं. पाऊस आला, मीठ विरळ झालं आणि रंग गेला. आणि या खाऱ्या सरोवराच्या काठावरच, गोमुखाजवळ, गोड्या पाण्याची धार बारमाही वाहते. तिथं पाणी पिऊन, भाकरी सोडून, आम्ही तासभर बसलो.

परतताना सिंदखेड राजा. लखुजी जाधवांचा वाडा, जिथं १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊंचा जन्म झाला. वाड्याच्या दरवाजाखाली उभं राहून वर बघा, केवढा उंच आहे तो. मोती तलावाचा बांध बघायला विसरू नका. चारशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी पाणी अडवायचं किती शहाणपणानं केलं होतं, ते कळतं. १२ जानेवारीला इथं फार मोठी गर्दी असते, तेव्हा लहान मुलांना घेऊन जायचं तर दुसरा दिवस निवडावा.

हा झाला एका दिवसाचा प्रवास. आता थोडं लांब जाऊ. आगगाडीनं. शेगाव, नांदुरा आणि मलकापूर ही स्टेशनं मुंबई-हावडा या मोठ्या मार्गावर आहेत. म्हणजे आमच्या शेगावात फलाटावर उभं राहिलं, तर एका हाताला मुंबई आणि दुसऱ्या हाताला कलकत्ता! आणि सवलतीही आहेत, त्या पुष्कळ शाळांना माहीतच नसतात. ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांच्या मुलांना वर्षातून एकदा अभ्यास सहलीसाठी दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात ७५ टक्के सूट आहे. इतर विद्यार्थ्यांना शैक्षणिक सहलीला आणि सुटीत घरी जाताना ५० टक्के. त्यासाठी मुख्याध्यापकांचा दाखला लागतो, आणि असं तिकीट खिडकीवरच मिळतं, मोबाईलवर नाही. महिना-दोन महिने आधी स्टेशनवर जाऊन विचारा. एका खिडकीवर "असं काही नसतं" म्हणाले, तर सवलतींचा तक्ता दाखवा म्हणावं नि उभं राहावं. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल, तर २०१६ पासून पूर्ण भाडं पडतं. मोठ्यांच्या बर्थवर सामावून घेतलं तर अर्धं. शेगावात संस्थानाच्या भक्तनिवासात माफक दरात राहायची सोय होते. तेव्हा पहाटेची गाडी धरायची असेल तर आदल्या रात्री तिथं मुक्काम करता येतो.

आगगाडीच्या खिडकीतून काय करायचं? स्टेशनच्या पिवळ्या पाट्या वाचायच्या. नावाखाली बारीक अक्षरांत त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती उतरवून घ्या नि घरी आल्यावर आलेख काढा. मुंबईकडं जाताना मजा येते. भुसावळची केळी जातात, मनमाड जातं, नाशिक जातं. इगतपुरीला उंची ६०० मीटरच्या आसपास, आणि पुढचं स्टेशन कसारा ३०० च्या जवळपास. थळ घाटात आलेख एकदम कोसळतो! उलट येताना कसाऱ्याला गाडीच्या मागं जादा इंजिनं जोडतात, ती गाडीला वर ढकलतात. चढच तेवढा अवघड आहे. ३७ मीटर गेलं की एक मीटर वर. विजेच्या तारांच्या खांबांवरचे आकडेही बघा. वरचा आकडा मुंबईपासूनचे किलोमीटर सांगतो. शेगावजवळ तो साडेपाचशेच्या आसपास असतो आणि मुंबई जवळ येईल तसा कमी होत जातो. एक किलोमीटर ३६ सेकंदांत गेला तर गाडी ताशी शंभरानं पळते आहे.

"मॅडम, इमानात बी असंच करता येते का?" असं एकानं विचारलं. का नाही? २०२५ मध्ये पुणे जिल्हा परिषदेनं आपल्या शाळांतल्या मुलांची परीक्षा घेतली. 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था त्यांच्या मदतीला होती. त्यातून पंचवीस मुलं अमेरिकेतल्या नासाच्या भेटीसाठी निवडली आणि पन्नास इस्रोसाठी. तुमच्या-आमच्यासारख्याच शाळांतली मुलं ती. तेव्हा तयारी असू द्या! मुंबईहून न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाला पंधरा-सोळा तास लागतात. बाहेर दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उणे पन्नास अंशांची थंडी, आणि आतली हवा इतकी कोरडी की घसा सुकतो. म्हणून थोडं थोडं पाणी पीत राहायचं. दोन-तीन तासांनी उठून एक चक्कर मारायची, नाहीतर पाय सुजतात. विमान उतरताना कानाला दडे बसतात. गोळी चघळली, आवंढा गिळला किंवा जांभई दिली की ते सुटतात. (आमच्या घाटात हाच सराव होतो!) बसल्या बसल्या घड्याळ न्यूयॉर्कच्या वेळेवर लावायचं. आपल्यापेक्षा ते उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागं. विमान पश्चिमेला जातं, सूर्यही पश्चिमेला जातो, त्यामुळं सूर्य मावळता मावळत नाही. सकाळी निघालात तर दिवस लांबतच जातो. समोरच्या पडद्यावर नकाशा असतो, त्यावर वेग आणि उंची दिसते. नदी दिसली तर ती कुठल्या बाजूला वाहते ते ओळखायचं. किलोमीटरचे दगड तेवढे नाहीत.

परतीच्या वाटेवर आमची गाडी रात्री घाट उतरली. निम्मी मुलं झोपली होती. जी जागी होती ती काचेला नाक लावून खाली पूर्णेच्या खोऱ्यातले दिवे मोजत होती. कापूस घरात असलेल्या त्या आईची मुलगी ड्रायव्हरकाकांच्या मागं बसून त्यांना कोणता दिवा कोणत्या गावचा ते सांगत होती.

आता पुन्हा जुलै येईल, डबा टेबलावर येईल. दरवर्षी डब्यावर ठिकाणाचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवतो आम्ही. यंदाची चिठ्ठी अजून कोरी आहे. अठरा मुलांत दहा जण म्हणतात अजिंठा. सात जण म्हणतात लोणारलाच पुन्हा, कारण हळदीचे कागद कमी पडले होते. आणि एकजण हट्टाला पेटलाय, सुरतेला जाऊ. पूर्णेचं पाणी जिथं समुद्रात शिरतं तिथं. मी शेगाव स्टेशनवर जाऊन चौकशी करून आलेय.